भिंत सांगावी लागते

१ जानेवारी २०२५ रोजी रुमेनिया शेंगेनमध्ये पूर्णपणे सामील झाला आणि आपल्या सहल-व्यवसायाचं एक मोठं दुखणं गेलं. हंगेरीतून येणाऱ्या ग्रुपला आता वेगळा व्हिसा लागत नाही, सीमेवर कोच तासन्‌तास उभा राहत नाही. त्यामुळे पूर्व युरोपच्या कार्यक्रमांत रुमेनियाचे दोन-तीन दिवस वाढू लागले आहेत आणि त्यातला एक दिवस बुकोविनाच्या वाट्याला येतो. या हंगामाची काही पत्रकं समोर घेऊन बसले आहे. ‘चार चित्रमठ, काळी मडकी, रंगवलेली अंडी, संध्याकाळी मुक्कामी परत.’ हे सगळं एका दिवसात! पत्रकं लिहिणारे आपलेच सहकारी आहेत, कष्टाळू आहेत, म्हणूनच हे संपादकीय त्यांना आणि कोचमध्ये माइक हातात धरणाऱ्या प्रत्येक टूर लीडरला उद्देशून लिहिते आहे. असा दिवस आखू नका.

कारण मी तो आखलेला आहे. काही वर्षांपूर्वी बत्तीस जणांचा ग्रुप घेऊन मी सकाळी दहाला वोरोनेत्सच्या मठात पोचले. हातात पंचवीस मिनिटं होती. दारातच सांगून टाकलं: बांधकाम १४८८चं, राजा श्तेफान, निळा रंग जगप्रसिद्ध, जागतिक वारशाच्या यादीत नाव, स्वच्छतागृह बाहेर, बरोबर साडेदहाला गाडीत. सगळे फोटो काढायला पांगले. सांगलीच्या एक आजी मात्र पश्चिमेच्या भिंतीसमोरून हलेनात. त्यांनी मला हाक मारली. “अगं, हा लाल ओघ कसला गं? आणि हे वाघ-सिंह माणसांचे हातपाय तोंडात धरून का उभे आहेत?” मला माहीत नव्हतं. “गाडीत सांगते हं आजी,” म्हणाले. गाडीत सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही माझ्यापाशी नव्हतंच.

आता सांगते. ती भिंत म्हणजे अखेरच्या न्यायाचा दिवस. श्तेफानचं देऊळ साडेतीन-पावणेचार महिन्यांत उभं राहिलं, पण बाहेरची चित्रं १५४७ची, म्हणजे जवळजवळ साठ वर्षांनंतरची. त्याच वेळी पश्चिमेला नवा मंडप जोडला आणि त्याची दारं उत्तर-दक्षिणेला ठेवली. पश्चिमेकडे खिडकी नाही, दार नाही. एवढी सलग भिंत मोकळी सोडली ती या एका चित्रासाठी. वाचायला सुरुवात वरून करायची. अगदी वर देवदूत आकाश गुंडाळताहेत, एखादी पोथी मिटावी तसं, आणि त्या आकाशावर राशी काढल्या आहेत: काळ संपला. त्याखाली न्यायासनावर ख्रिस्त, दोन्ही बाजूंना शिष्य. त्याच्या पायाशी उगम पावून रुंदावत खाली नरकाकडे जाते ती आगीची नदी. आजींचा लाल ओघ तो. मधे तराजू आहे, सैतान पारडं ओढू पाहताहेत आणि देवदूत त्यांना भाल्यांनी दूर सारताहेत. एका बाजूला संत पीटर पुण्यवानांना स्वर्गाच्या दाराशी नेतो आहे. दुसऱ्या बाजूला न्यायाची वाट पाहणारे थवे उभे आहेत आणि त्यांत पागोटी घातलेले तुर्क आहेत, कारण त्या काळात मोल्दाव्हियाच्या, म्हणजे श्तेफानच्या या राज्यातल्या, माणसाच्या स्वप्नात सैतान यायचा तो बहुधा तुर्काच्याच वेषात. खाली देवदूत शिंगं फुंकताहेत. नीट पाहा, त्या बायबलमधल्या तुताऱ्या राहिलेल्या नाहीत. तो बुच्युम आहे, कार्पेथियनच्या मेंढपाळाचा लांबलचक लाकडी भोंगा. त्या आवाजाने थडगी उघडतात, समुद्र बुडालेल्यांना परत देतो आणि जनावरं आपण खाल्लेली माणसं परत आणून देतात. कुणाच्या तोंडात हात, कुणाच्या पाय. रिकाम्या तोंडाने आलंय ते एकटं हरिण. त्याने कुणाला खाल्लेलंच नाही.

एवढं सांगायला मला अठरा मिनिटं लागतात. घड्याळ लावून पाहिलं आहे. त्या अठरा मिनिटांत ग्रुपमधलं एकही माणूस हलत नाही.

आगीची नदी म्हटल्यावर आपल्या माणसांना वैतरणी आठवते, तराजू म्हटल्यावर चित्रगुप्त. आठवू द्यावं. फक्त फरकही तिथेच सांगावा: वैतरणी ज्याची त्याला एकट्याने ओलांडायची असते, इथे मात्र सगळे मेलेले एकाच दिवशी एकत्र उठतात, राजा आणि भिकारी एका रांगेत.

आपल्याकडे चित्र सांगण्याचं हे काम करणारी माणसं होती आणि थोडी आजही आहेत. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी एकामागून एक चित्र समोर धरतात आणि वीणा-टाळांच्या साथीने कथा गातात. एका कथेच्या चित्रसंचाला ते पोथीच म्हणतात. २०२१ साली परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली ती याच परंपरेसाठी. चित्रकथीच्या हातातलं चित्र कधी नुसतं दाखवलं जात नाही. ते सांगितलं जातं. बुकोविनाच्या भिंतीही तशाच सांगण्यासाठी केल्या. आत मोजकीच माणसं मावायची आणि बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. अंगणात उभ्या राहिलेल्या गर्दीसाठी देवळाने आपली पोथी बाहेर उलगडून ठेवली. आपण तिथे जाऊन फक्त सनावळ्या म्हणत असू, तर पोथी हातात असून ती न उघडल्यासारखंच झालं.

तेव्हा वेळेचा हिशोब नव्याने मांडू. मुक्काम गुरा हुमोरुलुईला, दोन रात्री. वोरोनेत्स आणि हुमोर हे दोन्ही मठ तिथून हाकेच्या अंतरावर आहेत. पहिल्या सकाळी हुमोर. १५३५च्या या चित्रांचा कर्ता सुचावाचा तोमा आहे. इथे लाल-तपकिरी रंग जास्त, देवळाला शिखर नाही, मंडप उघडा, त्यामुळे नजर सहज स्थिरावते. वोरोनेत्स दुपारी तीननंतर ठेवा. पश्चिम भिंत आहे, सकाळी ती सावलीत असते. उतरतं ऊन पडलं की तो निळा रंग जागा होतो. निळा म्हणजे अझुराइट, तांब्याच्या खनिजाची पूड. दुसऱ्या दिवशी अंड्यांसाठी वामा, मग मोल्दोवित्साचा मठ, घाट चढून सुचेवित्साचा मठ आणि परतीला काळ्या मडक्यांचं मार्जिनेआ. एकच दिवस हातात असेल तर वोरोनेत्स आणि सुचेवित्सा एवढंच करा आणि बाकीचं पत्रकातून काढून टाका. पाहुणे तक्रार करतील ही भीती मला माहीत आहे. ज्यांना एक भिंत पुरी कळली त्यांच्याकडून मी अशी तक्रार अजून ऐकलेली नाही.

मोल्दोवित्सात दक्षिणेच्या भिंतीवर कॉन्स्टँटिनोपलचा वेढा आहे. घटना ६२६ची, वेढा इराण्यांचा आणि अवारांचा, पण चित्रात हल्लेखोर तुर्क आहेत. १४५३ साली ते शहर तुर्कांनी घेतलंच होतं, आणि चित्र काढलं गेलं १५३७ साली, पेत्रू रारेशच्या राज्यात, जेव्हा पुढची पाळी आपली हे प्रत्येकाला ठाऊक होतं. भिंतीवर शहर वाचतं. प्रत्यक्षात पुढच्याच वर्षी सुलतान सुलेमान सैन्य घेऊन आला, सुचावा पडलं आणि रारेशला पळावं लागलं. एवढं सांगून झाल्यावर ग्रुपला पाच मिनिटं गप्प सोडा. (आपल्या व्यवसायाशी जोडलेली एक वस्तूही याच मठात आहे. पर्यटन-पत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९७५ साली या प्रदेशाला दिलेलं सोनेरी सफरचंद.)

सुचेवित्साला तटबंदी आहे, बुरूज आहेत आणि उत्तर भिंतीवर तीस पायऱ्यांची शिडी आहे. शिडीच्या एका अंगाला देवदूतांच्या शिस्तीत लावलेल्या रांगा, दुसऱ्या अंगाला माणसांना पाय धरून खाली खेचणाऱ्या सैतानांचा गोंधळ. इतर मठांत उत्तरेची भिंत वारा-पावसाने धुऊन निघालेली असते. लाकडी फळ्यांच्या छपराची वळचण एवढी पुढे काढूनही तिथला झोडपता पाऊस अडत नाही. सुचेवित्साला ती भिंत शाबूत आहे. पश्चिमेकडचा काही भाग मात्र कोरा. चित्रकार परांची­वरून पडून गेला आणि तो भाग तसाच राहिला, अशी तिथली दंतकथा आहे. दंतकथा म्हणूनच सांगा.

या सगळ्या जागा नांदत्या आहेत, हेही गाडीतून उतरण्याआधी बोलायला हवं. ऑस्ट्रियाच्या अमलाखाली वोरोनेत्सचा मठ १७८५ला बंद पडला आणि थेट १९९१ साली तिथे पुन्हा नन राहायला आल्या. प्रार्थनेच्या वेळी त्यांच्यातली एक जण खांद्यावर लांब लाकडी फळी घेऊन देवळाभोवती फिरते आणि लहान हातोडीने तिच्यावर ठेका धरते. तोआका म्हणतात त्याला. तो ठेका सुरू झाला की आपण बोलणं थांबवायचं, वाक्य अर्धं राहिलं तरी. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, आत कॅमेरा मिटलेला हवा.

आता हस्तकलांविषयी, आणि इथे थोडं कडू बोलणार आहे. दुकानात ग्रुप नेला की गाइडला किंवा कंपनीला वाटा मिळतो, ही आपल्या व्यवसायातली रीत आहे. मोठ्या दुकानांचं काय करायचं ते ज्याने त्याने ठरवावं. पण वामा किंवा च्योकनेश्त गावात अंडी लिहिणाऱ्या बाईच्या टेबलावरून तिथल्या चलनाचा एक लेऊसुद्धा घेऊ नका.

तिचं काम जवळून पाहा. अंडं आतून रिकामं केलेलं असतं. काडीच्या टोकाला पत्र्याची केसासारखी बारीक नळी. ती गरम मेणात बुडवून पांढऱ्या कवचावर रेघ ओढायची, हात न टेकवता, अंडं फिरवत. ज्या रेघा पांढऱ्या राहायला हव्यात त्या आधी. मग अंडं पिवळ्या रंगात. पिवळं ठेवायचं त्यावर पुन्हा मेण, मग लाल, पुन्हा मेण, शेवटी काळा. या टप्प्यावर हातात उरतो एक काळा ओबडधोबड गोळा. तो ती मेणबत्तीच्या कडेला धरते, मेण पाघळतं, ती फडक्याने पुसते आणि सगळे रंग एकदम वर येतात. मी पाहिलं तेव्हा आमच्यातल्या एका शाळकरी मुलाने टाळीच वाजवली. रुमेनियन भाषेत या अंड्यांसाठीचा शब्द लेखणीवरून आला आहे. ती लिहिलेली अंडी आहेत, तेव्हा आपल्या पत्रकातही ‘रंगवलेली’ न म्हणता तेच म्हणू या. आणि घासाघीस होऊ देऊ नका. किती तासांचं काम आहे ते गाडीत आधीच सांगा. मग कुणी करतही नाही.

मार्जिनेआला लालसर माती भट्टीत जाते आणि काळी होऊन बाहेर येते. रंग कसलाच लावलेला नसतो. भट्टीचं तोंड लिंपून हवा तोडली की धूर आणि कोंडलेली आग हे काम करतात, आणि गोट्याने घोटलेल्या जागी चकाकी येते. खांद्यावर भरतकाम असलेला रुमेनियन सदरा, ‘ये’, २०२२ साली युनेस्कोच्या यादीत गेला, त्यामुळे यंत्रावरच्या नकला जागोजाग लटकलेल्या दिसतील. पाहुण्यांना एकच शिकवा: कापड उलटं करून पाहा, हाताचा टाका मागच्या बाजूने ओळखू येतो.

जेवणाचं विचारतातच, म्हणून सांगते. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपास वर्षात पुष्कळ असतात आणि त्या उपासात मांस, दूध, अंडी वर्ज्य. हॉटेलात ‘व्हेज’ म्हणून समजावत बसण्यापेक्षा ‘दे पोस्त’ म्हणा. बीन्स, कोबी, मक्याची मामालिगा समोर येईल. काही दिवशी उपासाला मासा चालतो, तेवढं विचारून घ्या.

या अंकाच्या मधल्या पानांवर वोरोनेत्सच्या पश्चिम भिंतीचं रेखाचित्र दिलं आहे, वाचण्याच्या क्रमाने आकडे घालून. ते सुटं काढून पासपोर्टच्या पाकिटात घडी घालून ठेवता येईल. त्यात राशी आहेत, नदी आहे, तराजू आहे, बुच्युम आहे. हरिणाला आकडा दिलेला नाही. ते पाहुण्यांना शोधू द्या.