स्मार्ट बोर्ड लागला, पुढे काय?

प्राथमिक शाळेला देणगी द्यायची म्हटली की हल्ली पहिले नाव निघते ते स्मार्ट बोर्डचे. सीमाभागातील आपल्या मराठी शाळांसाठी माजी विद्यार्थी आणि दानशूर मंडळी आपुलकीने पैसे देतात, त्याचे कौतुकच आहे. मात्र वर्षभराने तो बोर्ड किती तास चालला आणि मुलांनी त्यावर काय केले, याची चौकशी क्वचितच होते.

बँकेच्या हिशेबात भांडवली खर्च वेगळा आणि चालू खर्च वेगळा. यंत्र विकत घेणे हा भांडवली खर्च. वीज, इंटरनेट, दुरुस्ती आणि शिक्षकाचा तयारीचा वेळ हा दरवर्षीचा. देणगी बहुधा पहिल्यासाठी मिळते आणि काम अडते दुसऱ्यावाचून. दोन शिक्षकांनी चार-पाच इयत्ता सांभाळायच्या असतील, तर तयारीला वेळ आणायचा कुठून?

देशाचे चित्रही हेच सांगते. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे आणि सोपे गणित यावे, यासाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' सुरू केले. त्याची मुदत २०२६-२७. 'असर'च्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भागात तिसरीतील २७.१ टक्के मुलेच दुसरीचा उतारा वाचू शकत होती. २०२२ मध्ये हे प्रमाण २०.५ टक्के होते. म्हणजे सुधारणा आहे, पण पल्ला लांबचा आहे. त्यामुळे कोणतेही साधन घेताना एकच कसोटी लावावी: यामुळे मूल अधिक वाचते, बोलते, लिहिते का? नुसते बघत बसत असेल, तर तो दूरदर्शनच झाला.

आपली पाठ्यपुस्तके कर्नाटकची असली तरी पूरक वाचनाला राज्याची सीमा आडवी येत नाही. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे अंक इंटरनेटवर मोफत आहेत. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीविव्हर'वर मराठी गोष्टी आहेत आणि त्या छापून वाटायलाही परवानगी आहे. पुण्यात अनेक वर्षे काम केलेल्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याच्या शेकडो कृती आहेत. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळाले, ते प्रामुख्याने पुस्तकातील क्यूआर कोडच्या कामासाठी. त्यालाही लागतो तो छापील कागद आणि एक मोबाइल.

शिक्षकांना सहज करता येतील असे काही उपक्रम सुचवतो.

१. गोष्ट अर्ध्यावर थांबवावी. पुढे काय होईल, ते मुलांनी चित्र काढून सांगावे. मग उरलेली गोष्ट वाचावी.

२. स्टोरीविव्हरवरील अनेक गोष्टी मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत आहेत. दोन्ही प्रती शेजारी ठेवून मुलांना सारखे अर्थ असलेले शब्द शोधू द्यावेत. आपल्या मुलांना दोन्ही भाषा लागतातच. इथे त्या एकमेकींना मदत करतील.

३. आजीकडून म्हणी, उखाणे, जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून आणाव्यात. वर्गात ऐकून त्या वहीत उतरवाव्यात. लेखन, श्रवण आणि घरची बोली, तिन्ही साधतात.

४. आठवडी बाजारातील भाजीचे दर मुलांनी टिपून आणावेत. त्यावरून बेरीज, वजाबाकी आणि चौथीपुढे स्तंभालेख. फळ्यावर आधी, संगणकावर नंतर.

यांपैकी एकाही उपक्रमाला महागडे यंत्र लागत नाही. लागतो तो माणूस. म्हणून आपल्या मंडळाला एक सुचवावेसे वाटते. यंदाच्या शैक्षणिक मदतीतील काही भाग छपाईसाठी, इंटरनेटसाठी आणि एका चांगल्या स्पीकरसाठी राखून ठेवावा. निवृत्त सभासदांनी मुख्याध्यापकांच्या संमतीने आठवड्यातून एक तास जवळच्या शाळेत द्यावा. गोष्टी निवडणे, छापणे, मुलांचे वाचन ऐकणे एवढे काम आपल्याला नक्की जमेल.

पुढच्या वार्षिक सभेत किती बोर्ड दिले याबरोबरच तिसरीतील किती मुले अडखळल्याशिवाय वाचू लागली, हाही आकडा अहवालात यावा. देणगीचा खरा ताळेबंद तोच.