पासबुक कुणाच्या कपाटात?

दर नोव्हेंबरात आम्हा पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. हल्ली तो घरबसल्या मोबाइलवरूनही देता येतो. तरी माझ्या वयाची माणसं शाखेत येतात आणि आल्यासारखं पासबुक भरून घेतात. शिल्लक ठाऊक असते, तरीही शेवटच्या आकड्यावर बोट ठेवून पाहतात. काउंटरच्या पलीकडे होतो तेव्हा मला ही म्हातारपणाची हौस वाटायची. आता अलीकडे उभा राहिल्यावर कळतं, ती धास्ती आहे.

धास्तीला कारण आहे. १९९५-९६च्या सुमारास ५ लाखांच्या ठेवीवर १२ टक्क्यांनी महिना ५ हजार येत. २०२१ साली मोठ्या बँकांचे दर साडेपाच टक्क्यांच्या आत आले आणि तेच ५ लाख महिन्याला सव्वादोन हजार देऊ लागले. औषधांचं बिल मात्र वाढतच गेलं.

पण याहून मोठी धास्ती मला एका आजींमुळे कळली. तालुक्याच्या शाखेत त्या मुलाबरोबर मुदत ठेव मोडायला आल्या. त्याला धंद्यासाठी पैसे हवे होते. मी विचारलं, "आजी, मोडायचीच ना?" त्यांनी मुलाकडे पाहिलं. "त्याचंच आहे की सगळं," म्हणाल्या आणि सही केली. नियमात काही चुकलं नव्हतं. त्यानंतर कितीतरी महिने त्या १ तारखेला येत, बाकावर बसत आणि परत जात. मुलगा वाईट नव्हता, औषधाला पैसे देई. पण ते मागावे लागत. त्या दिवशी मी त्यांना एकटीला बाजूला घेऊन विचारायला हवं होतं, ही बोच अजून आहे.

२००७चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा सांगतो की, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास परत मागता येते. पण पोटच्या पोराविरुद्ध अर्ज करायला किती आयांचा हात उठेल?

गेल्या दिवाळीत माझा मुलगा म्हणाला, "बाबा, बँकेचं सगळं माझ्या मोबाइलवर घेतो. तुम्हाला कशाला त्रास?" त्याच्या मनात काळजीच होती. मी म्हटलं, "त्यापेक्षा मला शिकव. माझं मी करीन."

घरोघरच्या मुलासुनांना, लेकीजावयांना एवढंच सांगणं आहे. वारसाची नोंद जरूर करून घ्या, नडीला धावून जा. पण पासबुक आईबाबांच्याच कपाटात राहू द्या. नातवाच्या हातावर शंभराची नोट ठेवताना त्यांना कुणाकडे पाहावं लागू नये.