कलम आणि कारण

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा वार्षिक अहवाल आला, की कोणत्या शहरात गुन्हे वाढले आणि कोठे घटले यांची कोष्टके वृत्तपत्रांत छापून येतात. चार दिवस चर्चा होते, मग विषय मिटतो. साहित्याच्या अभ्यासकांनी या कोष्टकांकडे एक संहिता म्हणून पाहावे, असे आम्हांस वाटते. कारण त्यांत मोजलेला असतो तो गुन्हा नव्हे, तर गुन्ह्याची नोंद. आकडा वाढला याचा अर्थ गुन्हे वाढले असाच होतो असे नाही. पूर्वी परत पाठवल्या जाणाऱ्या फिर्यादी आता लिहून घेतल्या जाऊ लागल्या, असाही होऊ शकतो. शिवाय एका प्रथम माहिती अहवालात अनेक गुन्हे असले, तर मोजणीसाठी त्यांतला सर्वांत गंभीर तेवढा धरण्याचा या विभागाचा नियम आहे. म्हणजे आकड्यापर्यंत पोचण्यापूर्वीच घटनेतले काही ना काही गळालेले असते.

ही गळती न्यायालयातही होते, आणि तेथे ती अधिक गंभीर असते. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे या दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. सुरुवातीच्या तपासावर टीका झाल्यानंतर तो केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, त्यांपैकी सहा जणांना फाशी सुनावली. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांचा तुरुंगवास दिला. फाशी हवी होती की नको, यावर तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. मात्र ही हत्या जातीच्या कारणावरून झाली, हे दोन्ही न्यायालयांनी मान्य केले नाही. अॅट्रॉसिटी कायदा लागू झाला नाही. शिक्षा नोंदली गेली, कारण नोंदले गेले नाही.

हे केवळ तांत्रिक नव्हते. १९८९ च्या त्या कायद्यातील संबंधित कलमात तेव्हा, व्यक्ती अनुसूचित जातीची आहे 'या कारणावरून' गुन्हा केला, असे सिद्ध करावे लागे. आरोपीच्या मनातले कारण पुराव्याने दाखवायचे, आणि जोडीला जुन्या भांडणाचा, सूडाचा धागा असला की जात मागे सरायची. जणू आपल्या गावगाड्यात भांडणे जातीबाहेर, मोकळ्या मैदानात होतात! दुरुस्तीनंतर, २०१६ पासून, ती व्यक्ती त्या जातीची आहे हे 'माहीत असणे' पुरेसे ठरले. दोन-तीन शब्द बदलले आणि पुराव्याचे ओझे बदलले. भाषेच्या वर्गात शिकवावा असा याहून मोठा दाखला कोणता?

या शब्दांची जबाबदारी न्यायालयात ज्याच्याकडे असते, तो सरकारी वकील. तो पोलिसांचा वकील नसतो आणि फिर्यादीचाही नसतो. तो शासनाच्या वतीने उभा असतो, आणि आरोपीला शिक्षा मिळवून देणे एवढेच त्याचे काम नसते. सगळी घटना न्यायालयासमोर ठेवणे, हे त्याचे खरे काम. तपास कच्चा असेल, साक्षीदार फितूर झाले असतील, तर त्याचे हात बांधलेले असतात, हेही मान्य करायला हवे. परंतु आपण त्याचे मोजमाप करतो ते 'किती जणांना शिक्षा मिळवून दिली' या एकाच आकड्याने. मग सिद्ध करायला सोपे तेवढे सांगावे आणि अवघड कारण बाजूस ठेवावे, हा मोह अभियोगाच्या कामात शिरला तर नवल नाही.

मराठी कलाकृतींनी हे ओळखले आहे. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) मधला सुखात्मे फिर्यादीची आणि बचावाची अशा दोन्ही बाजू स्वतःच चालवतो. कहाणी आधीच ठरलेली असते. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) मधील सरकारी वकील बाई मात्र दुष्ट मुळीच नाही. ती कलमे वाचते, लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते. तिच्या लेखी तो खटला म्हणजे रोजचे काम, आणि भीती वाटते ती नेमकी याचीच.

मग करावे काय? नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार, जी १ जुलै २०२४ पासून लागू आहे, सरकारी वकिलाने खटला मागे घ्यायचा असेल तर पीडितांना ऐकून घेणे बंधनकारक झाले आहे. आमची सूचना त्याच्याच पुढची पायरी आहे. एखादे कलम लावण्याचा आग्रह सरकार पक्ष सोडत असेल, तर त्यामागचे कारण त्याने सोप्या मराठीत लिहून पीडितांच्या हाती द्यावे. यशाची टक्केवारी त्यामुळे कदाचित उतरेल; उतरू द्यावी.

आणि थोडे आपल्याविषयी. खैरलांजीवर आपण कविता वाचल्या, परिसंवाद घेतले. निकालपत्र किती जणांनी वाचले? आम्हीही ते पुष्कळ उशिरा वाचले, हे कबूल करतो. दलित साहित्य शिकवणाऱ्या वर्गात एखादे निकालपत्र संहिता म्हणून ठेवले, तर कोणता शब्द कोठे गळाला हे विद्यार्थ्यांना दिसेल. शब्द कोठे गळतो हे पाहणे, हेच तर आपले काम आहे.