बापाचं तोंड फोटोत नको

दोस्तांनो, आधी एका फोटोची गोष्ट सांगतो. फोटो दाखवू शकत नाही, कारण तो मी पुसून टाकलाय.

मी हट्ट्याचा. तालुका वसमत, जिल्हा हिंगोली. कॅमेऱ्यावर पोट आहे. लग्न, बारसं, साखरपुडा, चौदा एप्रिलची मिरवणूक, बोलावलं तिथं जातो. एका दोस्तानं बोलावलं. जातीनं मांग, घरात आजापासून येशू. लेकराचा बाप्तिस्मा होता. चर्च कुठलं, दोस्त कोण, हे सांगणार नाही. कामून, ते पुढं कळेल.

चर्चमधी फोटो काढायचे तर पाळकाला आधी विचारावं लागतं. विचारलं. प्रार्थना चालू असताना फ्लॅश मारू नका, वेदीपुढं नाचू नका, एवढंच तो बोलला. पण दोस्तानं मला दाराशी बाजूला घेतलं. "दादा, लेकराचा काढ. त्याच्या मायचा काढ. महं तोंड फोटूत येऊ देऊ नको."

पाळकानं लेकरू हातावर घेतलं. डोक्यावर पाणी घातलं तसं ते किंचाळलं. माय हसली. आजीनं पदरानं डोळे पुसले. बाप पार मागं, खांबाच्या आड. शेवटी त्याला राहवलं नाही. पुढं आला अन् लेकरू छातीशी धरलं. माझं बोट दाबलं गेलं. एकच फोटो. रात्री फोन आला, "दादा, तेवढा पुस." पुसला.

दोस्ताच्या कागदावर 'हिंदू मांग' लिहिलंय. त्या कागदावर शिक्षण झालं, त्याच कागदावर नोकरी लागली. मोठ्या पोरीची जात पडताळणी अजून व्हायचीय. लेकराला मांडीवर घेतलेला फोटो म्हणजे त्याच्या भाकरीविरुद्धचा पुरावा.

आता पुढचं ऐका. चार दिवसांनी आपल्यातलाच एक कार्यकर्ता आला. सभेत तावातावानं बोलणारा, चळवळीत लाठी खाल्लेला. म्हणला, "बाप्तिस्म्याचे फोटू तुझ्याकडं हायेत म्हणं. दे इकडं. समितीकडं तक्रार टाकतो. हे येशूचं गाणं गातेत अन् आपल्या ताटातलं खातेत." मी नाही म्हणलो. तो मला गद्दार म्हणून गेला. हा लेख त्याला उत्तर आहे. त्याच्यासारखा विचार करणाऱ्या तुमच्यातल्या प्रत्येकाला उत्तर आहे.

बाप आपल्याच लेकराच्या फोटोतून पळतो, ही पाळी त्याच्यावर कोणी आणली? १० ऑगस्ट १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानं आणली. त्यातला तिसरा परिच्छेद काढून वाचा. हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणारा कोणीही अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही, असा त्याचा मूळ अर्थ. इंग्रजांच्या १९३६ च्या आदेशानंही हिंदी ख्रिस्ती माणसाला बाहेरच ठेवलं होतं. १९५६ साली शीख दलितांना दार उघडलं. १९९० साली आपल्याला, बौद्धांना उघडलं. ख्रिस्ती अन् मुसलमान दलित आजही उंबऱ्याबाहेर उभे आहेत. कोणता देव मानला की जातीचे चटके बसणं थांबतं, हे दिल्लीनं बसल्या जागी ठरवून टाकलं.

कोणी म्हणेल, १९५० ला बाबासाहेबच कायदेमंत्री होते. होते. आणि सहा वर्षांनी त्यांनीच हिंदू धर्म सोडला, तेव्हा त्यांच्या मागं निघालेल्या लाखोंच्या आडवा हाच परिच्छेद आला. त्याचं समर्थन करायला बाबासाहेबांचं नाव वापरू नका.

फोटोची भीती ही दोस्ताच्या मनाचा खेळ आहे असं वाटतं? मग विदर्भातली केस बघा. सतरा वर्षांच्या पोरीचा महार असल्याचा दावा पडताळणी समितीनं २०२२ साली नाकारला. दक्षता पथक घरी गेलं, तिथं येशूचा फोटो दिसला. घर बौद्ध, फोटो कोणीतरी भेट दिलेला. तरी पोरगी ख्रिस्ती ठरली! ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं समितीचा तो आदेश रद्द केला. नुसत्या फोटोवरून धर्मांतर ठरत नाही, बाप्तिस्म्याचा पुरावा नाही, असं कोर्ट म्हणलं. पोरगी सुटली, आपण टाळ्या वाजवल्या. पण निकाल उलटा करून वाचा. बाप्तिस्म्याचा पुरावा असता तर? त्या घरात येशूच्या फोटोऐवजी माझ्या दोस्ताच्या लेकराचा फोटो सापडला असता तर?

तर काय होतं, ते पुदुच्चेरीच्या एका बाईला विचारा. कारकुनाच्या जागेसाठी तिनं अनुसूचित जातीचा दाखला मागितला. बाप हिंदू, माय ख्रिस्ती. ती तान्ही असताना, जानेवारी १९९१ मध्ये, तिचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद निघाली. मान धरता येत नव्हती तेव्हाचं डोक्यावरचं पाणी तेहतीस वर्षांनी तिच्याविरुद्ध साक्षीला उभं राहिलं. २६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं तिचा दावा फेटाळला. केवळ सवलतीसाठी हिंदू म्हणवणं म्हणजे घटनेशी लबाडी, असं म्हणलं. तारीख बघा, संविधान दिन! केरळात देवीकुलमच्या राखीव जागेवरून निवडून आलेल्या ए. राजा यांची निवडणूक उच्च न्यायालयानं मार्च २०२३ मध्ये रद्द केली, तेव्हा चर्चच्या नोंदवह्यांबरोबर त्यांच्या लग्नाचे फोटोही तपासले होते. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांची आमदारकी परत दिली. तोवर दोन वर्षं गेली. आमदाराला वकील लावता येतो. पाझर तलावावर माती उचलणाऱ्याच्या पोरानं कोणाचे पाय धरायचे?

आता आपलं घर तपासा. १९५६ ते १९९०, चौतीस वर्षं आपल्या बापांनी काय केलं? घरात बुद्ध, शाळेच्या रजिस्टरात 'हिंदू महार'. महाराष्ट्र सरकारनं नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या नोकरीत अन् लोकसभेच्या राखीव जागेत 'बौद्ध' लिहिलं की दार बंद. ज्यांनी छातीठोकपणे बौद्ध लिहिलं त्यांनी किंमत मोजली. ज्यांनी लेकरांच्या भाकरीसाठी हिंदू लिहिलं, त्यांना आपण चोर म्हणलो का? नागपूरच्या दीक्षेच्या गर्दीचा फोटो आपण भिंतीवर लावतो. त्या गर्दीत कोणाचा आजा आहे, कोणाची मावशी आहे. एखाद्या कारकुनानं भिंग घेऊन त्यातली तोंडं ओळखली असती अन् एकेकाची नोकरी काढली असती, तर त्या कारकुनाला आपण काय म्हणलो असतो? तेच नाव आज त्या कार्यकर्त्याला लागू होतं.

"वाटा कमी होईल." हे आहे खरं पोटातलं दुखणं. मग लोकसंख्या वाढेल तसा टक्का वाढवून मागा. सरकारशी भांडा. भाकर लहान आहे म्हणून शेजारच्या उपाशाचा हात मोडायचा नसतो.

"धर्म सोडला, मग जात कशाला धरता?" जात त्यांनी धरली नाही, जातीनं त्यांना धरलंय. ते पाणी डोक्यावर पडतं, वेशीपर्यंत पोचत नाही. पाटलाला, सावकाराला, किराणा दुकानदाराला तो मांगच असतो. खुद्द चर्चही धुतल्या तांदळाचं नाही. कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं डिसेंबर २०१६ मध्ये आपल्या चर्चमध्ये दलितांशी भेदभाव होतो हे लेखी कबूल केलं. पाळकांनो, तुम्हालाही सांगतो. रजिस्टर कुलपात ठेवून अन् मंडळीला गप्प बसवून हा प्रश्न सुटत नाही. स्वर्गाचं राज्य येईल तेव्हा येईल, तहसील कचेरीतल्या राज्याविरुद्ध मोर्चात कधी येता?

"ओबीसीत जा." ओबीसीला अॅट्रॉसिटीचा कायदा नाही. विधानसभेची, लोकसभेची राखीव जागा नाही. आंध्रच्या उच्च न्यायालयानं २०२५ साली एका पाळकाची अॅट्रॉसिटीची केस याच मुद्द्यावर रद्द केली. ख्रिस्ती झालास, मग जातीवरून शिवी दिली तरी ती शिवी नव्हे!

ऑगस्ट १९७८ आठवा. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव झाला अन् मराठवाड्यातल्या वस्त्या पेटल्या. आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळेला मारलं. तो मातंग होता. मारणाऱ्यांनी त्याला धर्म विचारला नाही, दाखला मागितला नाही. ज्यांना मार एकत्र खावा लागतो, त्यांनी कागदावर एकमेकांना ओळख दाखवायची नाही का?

१९८५ साली ख्रिस्ती चांभाराची याचिका सुप्रीम कोर्टानं पुरावा कमी म्हणून फेटाळली. रंगनाथ मिश्रा आयोगानं २००७ साली सरळ शिफारस केली की अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून तोडा. सरकारनं ती मानली नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला. आयोगावर आयोग, अन् लेकरं शाळेत जायच्या वयाची झाली.

म्हणून, दोस्तांनो, माझं सांगणं साधं आहे. ख्रिस्ती मांगाचा, ख्रिस्ती महाराचा फोटो, रजिस्टर, पत्रिका कोणत्याही समितीला नेऊन देऊ नका. जो देतो त्याला मंचावर बसवू नका. येत्या १४ ऑक्टोबरच्या प्रत्येक सभेत ठराव घ्या, तिसरा परिच्छेद काढून टाका. धर्म बदलण्याचा हक्क आपण नागपुरात वापरला. तो आपल्यापुरता होता असं मानाल, तर ती दीक्षा नव्हती, नुसती जागा बदलली.

ते लेकरू आता रांगतंय. तिसरा परिच्छेद गेला की मला त्या घरी जायचंय. फुकट फोटो काढणार आहे. बाप मधोमध, लेकरू कडेवर, तोंड उजेडाकडं.

जय भीम.