देव्हाऱ्यातला कापूर

घरातल्या विषांवरच्या या अंकाची सुरुवात आम्ही मुद्दाम कापरापासून करतो आहोत. आरतीच्या ताटातली पांढरी वडी लहान मुलाला खडीसाखरेसारखी वाटते. ती पोटात गेली की थेट मेंदूवर परिणाम होतो. काही मिनिटांत, कधी तास-दीड तासाने झटके येतात. आधी काही लक्षण दिसेलच असं नाही. सर्दी झाली की खोबरेल तेलात कापूर घालून तान्ह्याच्या छातीला चोळतात. माया खरीच, पण कापूर त्वचेतून आणि श्वासातूनही शरीरात जातो. अमेरिकेत औषधांमधल्या कापरावर ११ टक्क्यांची मर्यादा आहे. आपल्याकडे तो किराणा दुकानात सुटा मिळतो. दोन वर्षांखालच्या बाळाला लावूच नका. मुलाने गिळला, तर उलटी न करवता, पुडी सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठा.