‘वाय’ दाबण्याआधी ती यादी वाचा

गेल्या आठवड्यात एका महाविद्यालयाच्या ग्रंथपालबाईंचा फोन आला. "सर, सर्व्हर चालू आहे, पण कोहा उघडत नाही. काल उबुंटूची आवृत्ती बदलली, तेव्हापासून." पुस्तकांची नोंद, देवघेव, दंड, सगळं कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरवरच. परीक्षा तोंडावर आणि काउंटरपुढे मुलांची रांग.

"शेवटी काही विचारलं होतं का?"

"हो, भली मोठी यादी आली होती. मी वाय दाबलं."

त्या यादीत, काढून टाकायच्या पॅकेजेसमध्ये, ‘कोहा-कॉमन’ हे नाव होतं.

कोहा एकटं बसत नाही. त्याला पर्ल भाषेतल्या ढीगभर लायब्ररी लागतात आणि त्यातल्या काही उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पॅकेज-भांडारात नसतात, कोहाच्या स्वतःच्या भांडारातून येतात. आवृत्ती बदलताना उबुंटू अशी बाहेरची भांडारं आपोआप बंद करते. मग जुन्या कोहाच्या अटी नव्या उबुंटूत पुऱ्या होईनात आणि पॅकेजांचा हिशेब जुळवणाऱ्या एपीटीने कोहालाच बाहेर काढायचं ठरवलं. तसं त्याने विचारलंही होतं.

बाईंना मी दोष देत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये लायनस सेबॅस्टियन या यूट्यूबवरच्या नावाजलेल्या तंत्रज्ञाचंही हेच झालं. पॉप ओएस या प्रणालीवर स्टीम हे गेम्सचं सॉफ्टवेअर बसवताना पॅकेजच्या दोषामुळे एपीटीने अख्खा डेस्कटॉप काढायचा प्रस्ताव मांडला. धोक्याचा इशाराही दिला आणि खात्रीसाठी ‘होय, मी सांगतो तसंच कर!’ या अर्थाचं इंग्रजी वाक्य टाइप करायला लावलं. त्यांनी ते केलं आणि डेस्कटॉप गेला. पुढे एपीटीच्या विकासकांनी ती पळवाटच बंद केली. आता नुसतं वाक्य लिहून अत्यावश्यक पॅकेज काढता येत नाही. पण कोहा एपीटीच्या लेखी अत्यावश्यक नाही. ते आपल्यासाठी अत्यावश्यक आहे आणि हे एपीटीला कळायचा मार्ग नाही.

म्हणून अपग्रेड अडलं की मी आधी हात मागे घ्यायला सांगतो. ‘अटी पुऱ्या होत नाहीत’ हा निरोप म्हणजे यंत्राने चूक होण्याआधी घेतलेला थांबा असतो. इंटरनेटवर सापडलेला ‘फोर्स’वाला आदेश चालवून तो मोडू नये. साधा ‘अपग्रेड’ आदेश बसवलेलं पॅकेज काढत नाही, ‘फुल-अपग्रेड’ काढू शकतो. तो आधी ‘सिम्युलेट’ पर्यायासह चालवला तर काहीही न बदलता काय जाणार ते दिसतं. अर्धवट राहिलेलं काम असेल तर आधी पॅकेज प्रत्यक्ष बसवणाऱ्या डीपीकेजीला ते पुरं करू द्यावं, मग एपीटीकडून तुटलेल्या अटी दुरुस्त करून घ्याव्यात. आणि दर वेळी काय काढणार ते वाचावं. खुद्द उबुंटूनेसुद्धा ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस २४.०४.१ आल्यावर २२.०४ वरून वर जाण्याची वाट अपग्रेडरमधल्या गंभीर दोषामुळे तात्पुरती बंद ठेवली होती. करणारेच थांबतात, तर आपण घाई का करावी?

बाईंचं ग्रंथालय वाचलं. पॅकेज नुसतं काढलं होतं, मुळासकट पुसलं नव्हतं, त्यामुळे सेटिंग आणि डेटाबेस जागच्या जागी होते. कोहाच्या भांडाराची ओळ नव्याने घातली, यादी ताजी केली, कोहा-कॉमन पुन्हा बसवलं. दुपारी देवघेव सुरू झाली.

एक गोष्ट मात्र मला अस्वस्थ करते. कोहा रोजचा बॅकअप आपोआप घेतो, पण मुळातल्या सेटिंगप्रमाणे फक्त दोन दिवसांचा ठेवतो, तोही त्याच यंत्रावर. डिस्क गेली तर बॅकअपही गेला. प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना माझी विनंती आहे: ग्रंथपालांना एक जुना संगणक आणि एक बाहेरची डिस्क द्या. बॅकअप रोज त्या डिस्कवर जाऊ द्या आणि प्रत्येक अपग्रेड आधी त्या जुन्या संगणकावर होऊ द्या. तेही परीक्षेच्या आठवड्यात नको, मे महिन्याच्या सुट्टीत.