नळी आजही लागते का?

आपला माणूस दवाखान्यात दाखल झाला की आपण दोनच गोष्टी विचारतो. औषध कोणते दिले आणि घरी कधी सोडणार? त्यात तिसरा प्रश्न घालायला हवा, असे माझे ठाम मत आहे: "लघवीची नळी आजही लागते का?"

सकाळी दातांवरून जीभ फिरवली की बुळबुळीत थर लागतो. तो जिवाणूंचा थर, म्हणजे बायोफिल्म. लघवीच्या नळीवरही असाच थर धरतो. सुटे जिवाणू अँटिबायोटिकने मरतात. थरातले चिकट आवरणाखाली तग धरतात. त्यांना कधीकधी हजारपट औषधही पुरत नाही. ताप उतरतो, औषध थांबते आणि थरातून जिवाणू पुन्हा बाहेर पडतात. मग आणखी भारी, आणखी महाग इंजेक्शन. औषधांना दाद न देणारे जिवाणू अशानेच वाढतात. २०१९ मध्ये अशा जिवाणूंच्या संसर्गाने जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली.

नळी असेपर्यंत दर दिवशी साधारण ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जिवाणू येतात. महिनाभरात जवळजवळ सगळ्यांच्याच. म्हणून थर धरण्याआधी नळी काढणे हाच खरा उपाय.

काही आजारांत नळी लागतेच. पण पुष्कळदा ती सोयीसाठी राहते. वॉर्डात माणसे कमी असतात आणि आपल्यालाही वाटते, बरे झाले, आईला रात्री उठवायला नको. ही सोय महागात पडते. प्रत्येक वॉर्डात नळी घातल्याची तारीख केसपेपरवर लिहावी आणि रोजच्या राउंडला तिची गरज तपासावी. हे करायला यंत्र लागत नाही, पैसाही लागत नाही.

नातेवाइकांनीही एवढे पाळावे: नळीला हात लावण्याआधी व नंतर साबणाने हात धुवावेत. पिशवी कमरेच्या खाली राहील अशी टांगावी, पण फरशीवर टेकू देऊ नये. नळी आणि पिशवीचा जोड उघडू नये. नळी स्वतः कधीही ओढून काढू नये.

डॉक्टरांना विचारणे हा उद्धटपणा नाही. प्रश्न विचारायला आपण शिकलो आहोत; तो वॉर्डातही विचारू या.